आबा किलबिलीत गेले

आमच्या भाजे गावात लग्न पटकन ठरतं, पत्रिकेतली नावं ठरत नाहीत. मुलगी बघितली, पसंत पडली, सुपारी फुटली, इथवर सगळी माणसं माणसांसारखी वागतात. मग कुणीतरी विचारतं, "नावं कशी टाकायची?" आणि घरात सगळे एकदम भिंतीकडे बघायला लागतात.

पत्रिकेत सगळ्यात वर निमंत्रक. त्याखाली व्यवस्थापक, मग कार्यवाहक, आणि अगदी तळाला किलबिल. किलबिल म्हणजे घरातली चिल्लीपिल्ली. "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं," असं छापून खाली त्यांची नावं. निमंत्रकाच्या जागेवरून आमच्याकडे भाऊबंदकी पेटलेली आहे. किलबिलीवरून मात्र कुणी भांडल्याचं ऐकिवात नव्हतं.

लग्न माझ्या धाकट्या भावाचं, समर्थचं. मुलगी वराळ्याची, सारिका. आमचे वडील लवकर गेले आणि आम्हाला वाढवलं ते थोरल्या चुलत्यांनी, नथूआबांनी. मला सायकलवर डबलसीट शाळेत सोडणारे आबा, समर्थ दहावी पास झाला तेव्हा मळवली स्टेशनवर अनोळखी प्रवाशांना पेढे वाटणारे आबा. माणूस सोन्यासारखा, पण मानाला फार जपणारा. एकदा एका पुतण्याच्या पत्रिकेत त्यांचं नाव धाकट्या भावाच्या, म्हणजे जानूतात्यांच्या खाली छापलं गेलं. आबा लग्नाला गेले, पण मांडवात शिरले नाहीत. बाहेर आंब्याखाली बसून घरून नेलेली भाकरी खाल्ली आणि अक्षता तिथूनच फेकल्या. त्या कुणावर पडल्या कोण जाणे.

म्हणून समर्थने ठरवलं, प्रेसवाल्यावर विसंबायचं नाही, मजकूर स्वतः टाइप करायचा. निमंत्रकात आबांचं एकट्याचं नाव, जानूतात्या त्याखाली व्यवस्थापकात. वडिलांच्या जागी आबा, दुसरं कुणी नाही.

आता हा मुलगा कंपनीत दिवसभर लॅपटॉपवर बसतो. दोन रकान्यांत नावं लावायची तर टेबल करावं, निदान टॅब मारावा. छे. हा गडी स्पेसबार दाबत बसला. बैल हाकावेत तसं एकेक नाव ढकलत ढकलत त्याने जागेवर नेलं. त्याच्या लॅपटॉपवर ते खरंच सुरेख दिसत होतं. त्याने फाईल मला पाठवली आणि लिहिलं, ताई, एकदा बघून घे.

मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर काम करते. आमच्या मालकांनी खर्च वाचवायला तिथल्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि वर्डसारखं फुकटातलं ऑफिस बसवून घेतलंय. त्यावर फाईल उघडली तर आबा व्यवस्थापकात उतरलेले आणि निमंत्रकात जानूतात्या.

मी समर्थला फोन करून झापलं. तो म्हणाला, माझ्याकडे बरोबर आहे. मी म्हटलं, मी काय आंधळी आहे का? मग मीच चार स्पेस देऊन आबांना वर नेलं आणि फाईल परत पाठवली. त्याच्याकडे ती उघडली तेव्हा आबा कार्यवाहकात होते आणि आमची आई, शालूबाई, पानाबाहेर गेली होती. त्याने नीट केली की माझ्याकडे बिघडायची, मी नीट केली की त्याच्याकडे. दिवसभर आम्ही बहीणभाऊ आबांना वरखाली करत होतो. काउंटरवर एक पाहुणे खोलीची किल्ली मागत उभे होते, त्यांना मी चुकून "आधी आबा वर जाऊ द्या" म्हणाले.

कारण साधं होतं, पण ते कळेपर्यंत डोकं फिरायची वेळ आली. समर्थच्या लॅपटॉपवरचा फॉन्ट माझ्या कॉम्प्युटरवर नव्हता. मग माझा कॉम्प्युटर हाताला येईल तो फॉन्ट लावायचा. त्याची अक्षरं रुंद, त्यामुळे ओळ भरायची, शेवटचं नाव खालच्या ओळीत पडायचं आणि बाकीची सरकून भलत्याच मथळ्याखाली जायची. स्पेस देऊन रचलेला मनोरा तो, एक वीट सरकली की सगळं खाली.

एवढं कळल्यावर शहाणा माणूस काय करील? समर्थने शेवटची दुरुस्ती आपल्या लॅपटॉपवर केली आणि तीच फाईल घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिली. खाली लिहिलं, सर्वांनी नावं तपासावीत. याला म्हणतात आगीतून फुफाट्यात.

जानूतात्यांच्या फोनवर जानूतात्याच निमंत्रक निघाले. तात्या पारावर गेले आणि त्यांनी पत्रिका मोठ्याने वाचून दाखवली, वर चहाही पाजला. आबांच्या फोनवर मात्र आबा कुठेच दिसेनात. माझी पोरं, परी आणि सोन्या, सुट्टीला आबांकडेच होती. परीने पान खाली सरकवत नेलं आणि आनंदाने ओरडली. अगदी तळाला लिहिलं होतं: आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं. परी, सोन्या, नथू.

आबांनी फोन उशाखाली ठेवला आणि आईला निरोप दिला की ते लग्नाला येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी आणि समर्थ भाज्याला धावलो. आबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. समर्थचा चेहरा इतका उतरला होता की मला त्याला झापायचं होतं तेही विसरायला झालं. मी आबांना समजावलं की यात कुणाचं कारस्थान नाही, फाईल एकच आहे, फक्त प्रत्येक यंत्रावर ती वेगळी दिसते.

"म्हंजी कागद योकच, पर ज्याच्या हातात जाईल त्याला निराळा?" आबांनी विचारलं.

मी म्हटलं, असंच काहीसं.

"सातबारा मुंबईला नेला तर त्येच्यात शेजाऱ्याचं नाव येतं का?"

तेवढ्यात जानूतात्या फोन नाचवत आले आणि आपल्याच फोनातली पत्रिका खरी असल्याचं सांगू लागले. मग आजूबाजूचे जमले. ज्याने त्याने फाईल आपल्या फोनवर मागवून घेतली. एकाच्या फोनवर निमंत्रक म्हणून नवरी आली. दुसऱ्याच्या फोनवर नुसतेच चौकोन आले, तो म्हणाला, आमच्या घराण्याचं नेहमी असंच होतं. ज्याचा सोयरा वर दिसला तो फोन खिशात घालून घरी गेला. आबा शांतपणे सगळ्यांचे फोन निरखत होते.

"तात्याचा फोन भारी, तर तात्या वर. माजा फोन हलका, तर मी पोरांत," ते म्हणाले. "तुमचं कॉम्प्युटरबी गावावानीच हाय की."

समर्थने त्यांचे पाय धरले. म्हणाला, आबा, तुम्ही नसाल तर मी बोहल्यावर चढत नाही. आबांची सुपारी कातरायची थांबली.

आम्ही तिथून लोणावळ्याला सुरजच्या प्रेसमध्ये गेलो. सुरज पत्रिका छापतो आणि माणसं त्याच्यासमोर भांडतात, एवढाच त्याचा धंदा. त्याने आमचं गाऱ्हाणं जांभई देत ऐकलं. म्हणाला, लोकांना फाईल पाठवतात का कुठं? तिची पीडीएफ करायची. जे दिसतं ते तिथंच गोठतं, मग अमेरिकेत उघडा नाहीतर पवनानगरात. समर्थने तिथल्या तिथे लॅपटॉप काढून पीडीएफ केली. माझ्या फोनवर आबा वर, समर्थच्या फोनवर आबा वर, सुरजच्या फोनवरही आबाच वर. आम्ही चिक्कीचा पुडा घेऊन विजयी वीरांसारखे परत आलो.

आबांनी आपल्या हलक्या फोनवर पत्रिका पाहिली. वर त्यांचंच नाव होतं. मग तात्यांचा फोन मागवून त्यावरही पाहिली. तात्यांचं तोंड एवढंसं झालं. सगळं मनासारखं झालं होतं, तरी आबा खूश दिसेनात. ते पान खाली सरकवत तळापर्यंत गेले. तिथे फक्त परी आणि सोन्या होते.

"आबा, तुमचं नाव आमच्यातनं काढलं?" परीने विचारलं. तिचा ओठ लोंबायला लागला. काल संध्याकाळपासून पोरांनी आबांना आपल्या कंपूत घेतलं होतं. वरातीत पुढे कुणी नाचायचं, आइस्क्रीम कितीदा घ्यायचं, सगळं आबांना विचारून ठरलं होतं.

आबांनी फोन माझ्या हातात दिला.

"पोरी, कालचंच गोठवता यील का?"

मला वाटलं थट्टा चाललीय. समर्थ तर घाबरलाच. म्हणाला, आबा, वडिलांच्या जागी तुम्हीच पाहिजे.

"तुज्या पाठीशी उभा ऱ्हाणारच हाय मी. त्याला छापून कशापाई पायजे?" आबा म्हणाले. मग परीला जवळ घेऊन बोलले, "आमचा बा गेला तवा मी सोन्याएवडा व्हतो. तवापासनं नाव वरच हाय माजं. तात्या किलबिलीत, बहिनी किलबिलीत, मी निमंत्रक. पाव्हन्यांना या-बसा करायचं आन् समदी जेवली की गार वरन खायाचं. पोरांत नाव कंदी आलंच न्हाई."

जानूतात्यासुद्धा खाली बघायला लागले. मी आबांच्या शेजारी बसले आणि दोन दिवस समर्थवर धुमसणारा माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही.

पण फाईलच ती. आता समर्थ आबांना खाली न्यायला स्पेस दाबायचा तर आबा हटेचनात. तात्या व्यवस्थापकात गेले, आई पुन्हा पानाबाहेर गेली, आबा आपले निमंत्रकात पाय रोवून उभे. शेवटी प्रेसमध्ये सुरजने शिव्या घालत सगळा मजकूर नव्याने टाइप केला. निमंत्रक: श्री. जानू महिपती. किलबिल: परी, सोन्या आणि नथू. पत्रिका वाटल्यावर मावळभरातून फोन आले की छपाईत चूक झालीय. आई प्रत्येकाला सांगत होती, चूक नाही, भावजी लहान झालेत.

लग्नाला ऊन मी म्हणत होतं. मंगलाष्टकं चालू होती तेव्हा आबा समर्थच्या पाठीशी उभे होते. शेवटच्या अक्षता टाकून त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. त्यानंतर परीने त्यांचा हात धरला आणि थेट पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं.

जानूतात्या फेटा बांधून मांडवाच्या तोंडाशी हात जोडून उभे होते. "या, या" करून त्यांचा घसा बसला होता आणि पाहुणे संपत नव्हते. त्यांनी मला हळूच बोलावलं आणि म्हणाले, दादाला म्हणावं थोडा वेळ हितं उभा ऱ्हा, मला दोन घास खाऊ दे.

मी निरोप घेऊन पंगतीत गेले. आबा दोन पोरांच्या मध्ये मांडी घालून बसले होते. हातात जिलबी होती आणि पाक कोपरापर्यंत आला होता. त्यांनी निरोप ऐकला आणि परीकडे पाहिलं. परीने मान हलवून नाही म्हटलं.

"तात्याला सांग," आबा म्हणाले, "आमी ल्हान हाय. पान पुसल्याबिगर आमाला उटू देत न्हाईत."