मिठाच्या चमच्यासाठी दीड फुटी सुरा

दाजींनी मला पहिल्यांदा सुरा मारला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि चहाला उकळीही फुटली नव्हती. तो अपघात होता. दुसऱ्या वेळेबद्दल घरात मतभेद आहेत.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. एरवी माणूस गरीब गाय, पण हातात काही लांब वस्तू आली की बिघडतो. छत्री असली तरी. त्यात त्यांनी रानात वापरायचा म्हणून सुरा विकत आणला. पातं दीड फूट, पाठीला करवतीचे दात, मुठीच्या बुडाला होकायंत्र, आणि मूठ उघडली की आत गळ, दोरा आणि काड्यापेटीतल्या दोन काड्या. "एवढ्यावर माणूस महिनाभर जगतो," असं दाजी सगळ्यांना सांगायचे. ताई म्हणायची, "तुम्ही जगा. तेवढा महिना मी माहेरी जगते."

आमचा लाकडी चमच्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांब खोली आणि तिच्यात आडवा टाकलेला एक ओंडका. ओंडक्यात ओळीने पाच पाती रोवलेली. पातं हलत नाही. लाकूड दोन्ही हातांनी धरायचं आणि पात्यावरून ओढायचं. पहिल्या पात्यावर साल निघते, पाचव्यावर चमचा होतो. पाचव्या पात्यावर जो बसतो त्याची खूण चमच्यावर उमटते आणि खोलीत त्याचा शब्द चालतो. तिथे तीस वर्षं अण्णा, म्हणजे आमचे वडील, बसले. आता त्यांचे हात थरथरायला लागले होते. चौथ्या पात्यावर मी होतो, तिसऱ्यावर दाजी. पाचवी बैठक मला हवी होती. दाजींनाही हवी होती. बाकी आमच्यात कसलंही वैर नव्हतं.

निकाल लावायला अण्णांनी आम्हाला रानात नेलं, चहा-जेवणाला ताईही आली. नदीकाठी तंबू ठोकला, शेकोटी पेटवली, आणि ओल्या लाकडाचे पाच-सहा तुकडे आमच्यापुढे टाकले.

"मिठाचा चमचा करायचा. बोटाएवढा. कारखान्यातली हत्यारं नाहीत, जावईबापूंचा हा सुरा वापरायचा. आळीपाळीने. जेवणाच्या आत ज्याचा चमचा होईल, त्याची बैठक."

"अण्णा, हा सुरा रेडा कापायचा आहे," मी म्हणालो.

"मग जपून काप," अण्णा म्हणाले.

पहिली पाळी दाजींची. एवढ्या सुऱ्याने बोटाएवढा चमचा करायचा तर मूठ सोडून पात्याला फडकं गुंडाळून मध्यावर धरावं लागतं. दाजींना ते पटेना. मूठ कशासाठी दिली आहे मग, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मूठ धरली, हात डोक्यावर नेला आणि हाणला. चमच्याची काडी झाली. दुसरा तुकडा घेतला, त्याचीही काडी झाली. तिसऱ्या घावाला घामाने मूठ निसटली आणि सुरा दोन गिरक्या घेऊन माझ्या दंडात बसला.

"अरेरे," दाजी म्हणाले. "लागलं का रे?"

"थोडं."

"मला परत देतोस का? माझी पाळी संपलेली नाही."

"संपली," अण्णा म्हणाले.

ताईने सुरा उपसला, दाजींचा सदरा फाडला आणि माझा दंड आवळून बांधला. "माझा सदरा कशाला?" दाजींनी विचारलं. "कारण सुरा तुमचा," ताई म्हणाली, आणि रक्ताचे हात धुवायला, जमलंच तर पाणी आणायला, किटली घेऊन नदीवर गेली.

माझी पाळी. मी सुरा उभा धरला, दगडाने ठोकून त्याचं टोक पडलेल्या झाडाच्या बुंध्यात रोवलं आणि लाकूड पात्यावरून ओढायला लागलो. कारखान्यात करतो तसंच. दंडातून रक्त बोटांवर येत होतं, त्यामुळे लाकूड छान सरकत होतं. दांडा झाला. मान झाली. डोकं गोल झालं. फक्त खळगा राहिला. अण्णा शेजारी येऊन बसले आणि काही बोलले नाहीत. अण्णा काही बोलले नाहीत की समजायचं, काम चांगलं चाललंय. दाजींनाही ते समजायचं.

त्यांनी माझ्या हातातून चमचा ओढला आणि शेकोटीत टाकला.

मी तंबूचा हातोडा उचलला आणि त्यांच्या तोंडावर मारला. दोन दात पडले. एक चहाच्या पातेल्यात पडला.

"मेहुण्या!" दाजी म्हणाले. दातांशिवाय ते जरा वेगळंच ऐकू आलं. मग त्यांनी बुंध्यातून सुरा उपटला, गुडघ्यावर बसले, मूठ दोन्ही हातांनी मांडीवर टेकवली, पातं माझ्याकडे केलं आणि म्हणाले, "ये."

आणि थांबले.

दुसरा कुणी असता तर धावून आला असता. पण दाजींची अकरा वर्षं ओंडक्यासमोर गेलेली. हत्यार जागेवर असतं, माल पुढे येतो. माझी चौदा वर्षं गेलेली. मी पुढे गेलो. तिरका गेलो, कारण सरळ गेलं की लाकूड फाटतं. काखेखालून वीतभर लांब, कागदासारखा पातळ काप निघाला. शर्टासकट.

मागून अण्णा ओरडले, "कोन चुकतोय!"

कुणाला म्हणाले ते कळलं नाही. आम्ही दोघांनीही कोन सुधारला. मी पुन्हा गेलो, आणखी एक काप निघाला, तो पहिल्यापेक्षा सफाईदार होता. तिसऱ्या वेळी मला शंका आली की यात आपला फायदा काय. मग मी दाजींचे दोन्ही कान धरले आणि कपाळ त्यांच्या नाकावर आपटलं. नाक मोडलं. दाजींनी माझा कान चावला आणि सोडेनात. आम्ही शेकोटीवरून, तंबूवरून, अण्णांच्या पायावरून लोळत गेलो. थांबलो तेव्हा सुरा दाजींच्या मांडीत होता, करवतीच्या दातांपर्यंत. कुणी घातला, मला खरंच माहीत नाही. मुठीवर चारही हात होते.

"काढू नका," मी म्हणालो.

"माझा आहे तो," दाजी म्हणाले, आणि त्यांनी काढला.

रक्त माझ्या तोंडावर उडालं. मी दोन्ही अंगठे त्या भोकात घातले आणि दाबले. आत काहीतरी उड्या मारत होतं, ते अंगठ्यांखाली सापडलं आणि धार थांबली. ताई किटली टाकून धावत आली. एकदा नवऱ्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "हात काढलास तर याद राख."

गाडी ताईने चालवली. दवाखाना चाळीस मिनिटांवर. अण्णा पुढे बसले. मागच्या सीटवर दाजी आडवे, त्यांच्यावर मी, अंगठे मांडीत. रस्ता असा की दात असलेल्यांचेही पडावेत. दाजी पांढरे पडत गेले. शेवटी डोळे मिटले.

तेव्हा अण्णा वळले. ताईला इंजिनच्या आवाजात ऐकू जाणार नाही, अशा बेताने म्हणाले, "बैठक एकच आहे."

एवढंच. सल्ला होता, आठवण होती की नुसतंच म्हातारपण, मला माहीत नाही. मी खाली बघितलं. माझे अंगठे होते आणि त्यांच्याखाली दाजी होते.

मी अंगठे उचलले.

फार नाही. एक खड्डा येऊन गेला एवढाच वेळ. सीट लाल झाली. दाजींनी डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"उचललेस," ते म्हणाले.

"घाम आला होता," मी म्हणालो, आणि पुन्हा दाबले. इतके दाबले की दवाखान्यात दोन नर्सना मिळून माझे हात सोडवावे लागले. डॉक्टर ताईला म्हणाले, तुमच्या भावाने जीव वाचवला. ताई माझ्या गळ्यात पडून रडली. दाजी स्ट्रेचरवरून बघत राहिले, ती रडायची थांबेपर्यंत.

त्याच संध्याकाळी अण्णांनी बैठक मला दिली. चमचा झालाच नव्हता, तरी दिली. का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी दाजी काठी टेकत कामावर आले. लंगडतात, पण हात शाबूत आहेत. तिसऱ्या पात्यावरून त्यांना माझी नुसती पाठ दिसली असती. त्यांनी स्टूल उचललं, ओंडक्याच्या पलीकडे, बरोबर माझ्या समोर आणून ठेवलं आणि चमचे घासायला घेतले. आता दिवसभर तिथेच असतात. चमच्याकडे बघत नाहीत. ताई विचारते, "अहो, असं काय बघता त्याच्या हातांकडे?"

"शिकतोय," दाजी म्हणतात.