पालनकर्तीची सही

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी अ‍ॅडव्होकेट सुकेशनी मगरे हिने तडजोडीच्या पुरशिसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही करायला नकार दिला. अदालत रोडवरच्या न्यायालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या दिवाणी कोर्टात, आवाज न चढवता.

"तडजोड पाल्याच्या हिताची आहे, असं प्रमाणपत्र मला देता येणार नाही," ती म्हणाली. "मसुद्यात एक ओळ घातली तर देईन."

न्यायाधीश मॅडमनी फाइलमधून मान वर केली. शनिवारी लोकअदालत होती आणि निकाली निघणाऱ्या प्रकरणांत हा दावा त्यांनी धरून ठेवला होता. "कसली ओळ?"

"रामच्या वाट्याला आलेल्या जमिनीत जायला रस्ता ठेवल्याची."

वादीतर्फे उभे असलेले आप्पासाहेब जंजाळ हसले. हसणं कोर्टासाठी होतं, नजर सुकेशनीसाठी. "युवर ऑनर, थोडा वेळ द्या. नवीन आहेत त्या. मी समजावतो."

"पावणेतीनला पुन्हा पुकारा," मॅडम म्हणाल्या आणि पुढची फाइल ओढली.

दावा साधा होता. बिडकीनच्या अलीकडे एका वस्तीवर दोन भावांची सामाईक जमीन. थोरला वारला. धाकट्या मुंजाबाने वाटणी मागितली. प्रतिवादी दोघं, थोरल्याची बायको बानाबाई आणि मुलगा राम. रामला अठरावं पुरं व्हायला दिवाळी जायची होती. अज्ञान म्हणजे अल्पवयीन मुलाच्या वतीने कोर्टात मोठ्या माणसाला उभं राहावं लागतं. एरवी आई राहते. पण या तडजोडीत बानाबाईला राहतं घर हयातभर मिळणार होतं. तिचा फायदा मुलाच्या फायद्याच्या आड येण्याजोगा होता. म्हणून कोर्टाने त्रयस्थ पालनकर्ता नेमला.

नेमतं कोर्ट, पण नाव सुचवतो वादीचाच वकील. फीही वादीच भरतो. एखाद्या ज्युनिअरचं नाव पुढे जातं, तो 'पाल्याच्या हिताचं रक्षण व्हावं' अशा मजकुराचं कागदभर म्हणणं देतो आणि शेवटी दाखवतील तिथे सही करतो. यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं. आप्पासाहेबांनी सुकेशनीचं नाव दिलं तेही आपुलकीनेच. ती त्यांची ज्युनिअर होती. गेल्या वर्षी स्वतंत्र झाली, पण बसायला टेबल नव्हतं म्हणून अजून त्यांच्याच टेबलाच्या कडेला खुर्ची ओढून बसत होती.

घोळ एवढाच झाला की रविवारी ती जमीन पाहून आली.

"तुला कोणी सांगितलं होतं तिकडं तडमडायला?" कँटीनमध्ये चहा समोर येण्याआधीच आप्पासाहेबांनी सुरुवात केली.

"कोणी नाही, सर."

"मग? सहल काढली होती?"

"मागच्या महिन्यात बारच्या हॉलमध्ये तुम्हीच सांगितलं होतं. पालनकर्त्याने स्वतःला पाल्याच्या जागी ठेवून बघावं."

"ते भाषण होतं. समोर नवी पोरं बसवली होती, बिस्किटं वाटली होती, काही तरी बोलावं लागतं." त्यांनी कप हातात घेतला. "आता खरं ऐक, हे मी हॉलमध्ये सांगत नसतो. या लाइनीत टिकायचं असेल तर पाल्याला भेटायचं नाही. एकदा भेटलं की त्याचं तोंड दिसायला लागतं, मसुदा दिसत नाही. आणि पालनकर्ता सगळ्यांना कसा पाहिजे असतो? बिनआवाजाचा. दोनदा अडून बसला की तिसऱ्यांदा त्याचं नाव निघत नाही. तू तर पहिल्यांदाच बसलीस."

"एका ओळीने तुमचं काय जातं सर?"

"माझं काय जायचंय? मुंजाबाचं जातं. डांबरी रस्त्याकडची पट्टी त्याच्या वाट्याला. तिथं शेड टाकणारा एक जण आलाय. मधून दुसऱ्याची वाट जाते म्हटल्यावर तो घेईल का?"

"म्हणजे आज वाट आहे."

आप्पासाहेबांचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. "माझी उलटतपासणी घेतेस?"

"नाही सर."

"घेतलीस." त्यांनी कप खाली ठेवला. "पावणेतीनला सही झाली नाही तर संध्याकाळी टेबलावरची पुस्तकं उचलायची. आणि बारमध्ये दुसरं कोणी बसवून घेईल या भ्रमात राहू नकोस. मी विचारणार सगळ्यांना, की बाबांनो, बसवताय का?"

चहा त्यांचा त्यांनीच पुरा केला. तिचा तसाच राहिला.

जिन्याच्या वळणावर मुंजाबा उभा होता, पांढरा शर्ट, गळ्यात पंचा. शेजारी राम, मोबाइलमध्ये मान घातलेला. सुकेशनी बाजूने जायला लागली तसा मुंजाबाने कठड्यावरचा हात आडवा केला.

"वकीलबाई, तुमची फी म्या भरली का नाय?"

"कोर्टात भरली."

"कोर्टात भरली, पर भरली म्या. अन् तुमी माझ्याच पायात पाय घालताय."

"मी तुमची वकील नाही. याची आहे." तिने रामकडे पाहिलं. रामने पाहिलं नाही.

"भावकीतलं हाय हे. तुमाला काय कळतंय वावराचं? तुमच्या घरी हाय का शेत?"

"नाही."

"मंग?"

"म्हणूनच बघायला गेले."

तिचे वडील वाळूजला कंपनीच्या गेटवर शिपाई होते. त्यांच्याही वडिलांच्या नावावर कधी बांधभर जमीन नव्हती. मुंजाबाने ते न विचारता ओळखलं होतं आणि ओळखलं हे तिला कळावं असाच हसला.

"राम," सुकेशनी म्हणाली, "तुझ्या वाट्याचं वावर नाल्याकडं आहे. ट्रॅक्टर कुठून नेशील?"

"काकाच्या रानातून. आता नेतो तसाच."

"काकाने ते रान विकल्यावर?"

राम आता तापला. "मॅडम, तुमाला कोन बोलवलं होतं? मी काय दूध पितोय का? जेसीबीवर कामाला हाय मी. दिवाळी झाली की माझी मी सही करतो, बघू कोन आडवतं."

"कर. तोवर मला विचारतील."

"तोवर ह्याची गाडी ऱ्हायली," मुंजाबा म्हणाला. "तडजोड झाली का शोरूमला जायचं ठरलं होतं. बघ रं पोरा, कोनामुळं ऱ्हायली ते."

रामने बघितलं. त्या मुलाच्या डोळ्यांत होता तेवढा राग तिने कोर्टात कोणा आरोपीच्याही डोळ्यांत पाहिला नव्हता. ती कठडा सोडून भिंतीच्या बाजूने वर गेली.

बानाबाई कोर्टाबाहेरच्या बाकाशेजारी खाली बसली होती. बाक रिकामा होता.

"वर बसा ना."

"ऱ्हाऊ द्या." बानाबाईने तिच्या हाताला धरून खाली ओढलं. "ताई, सही करा. माझं ऐका. दीर घर लिव्हून देतोय मरेपत्तर. तुमी नाय म्हनलं तर आज रातच्याला मला भाईर काढील."

"असं काढता येत नाही. कायद्याने तुमचा हक्क आहे त्या घरात."

"कायदा रातच्याला येतो व्हय तिथं?"

सुकेशनीने फाइल मांडीवर ओढली. बानाबाई बोलतच होती.

"पोराला काय, जवान हाय, कुठंबी हात हलवून खाईल. म्या कुठं जाऊ? रविवारी तुमी आल्या तवा मला वाटलं, बाई मायेची हाय. मायेची असती तर आसं केलं असतं का?"

रविवारी बानाबाईनेच तिला बांधावरून फिरवलं होतं. निघताना उंबऱ्याशी थांबवलं, आतून एक खण आणि ओंजळभर तांदूळ आणले आणि देता देता हात मागे घेतला. "मी अशी पांढऱ्या कपाळाची. माझ्या हातची ओटी चालंल का तुमाला?" सुकेशनीच्या घरात ओटी भरत नसत. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी असल्या सगळ्या गोष्टी सुटल्या त्या सुटल्याच, आणि विधवेचा विटाळही त्यातच गेला. नको म्हणणं तिला सोपं होतं. पण तो मागे गेलेला हात बघून तिने ओढणी पसरली होती. "चालते," म्हणाली होती.

"बानाबाई, एकच ओळ हवी आहे. ती घातली की लगेच सही."

"ती वळ तो घालीत नाय. तेवढं मला ठावं हाय." बानाबाईने तोंड फिरवलं.

पावणेतीनला पुकारा झाला तेव्हा आप्पासाहेबांच्या हातात नवा अर्ज होता. पालनकर्तीला काढून दुसरा नेमावा. ती कुटुंबाच्या इच्छेविरुद्ध वागते, कोर्टाच्या परवानगीशिवाय पाल्याच्या घरी गेली, आणि तिथे एका पक्षकाराकडून तिने वस्तू स्वीकारल्या. सोबत बानाबाईचं शपथपत्र, खाली डाव्या हाताचा अंगठा.

मॅडमनी अर्ज वाचला, मग शपथपत्र. "मिस मगरे, वस्तू स्वीकारल्या हे खरं?"

"हो."

"कोणत्या?"

"खण आणि तांदूळ."

मागच्या बाकांवर कोणी तरी हसलं.

"यांनी ओटी भरली, मॅडम. मी घेतली."

"युवर ऑनर," आप्पासाहेब सावकाश म्हणाले. ते भांडखोर वकील नव्हते. मऊ बोलून काम करत. "ओटी असती तर मी हा अर्ज दिलाच नसता. बायकांची रीत आहे, आपण मध्ये पडत नाही. पण बानाबाई विधवा आहेत. विधवा कधी ओटी भरते? आणि तिच्या हातची कोणी घेतं का? आमच्या मराठवाड्यात तरी नाही. म्हणजे ही ओटी नव्हतीच. दुसरं काही तरी देणंघेणं होतं आणि त्याला आता हे नाव दिलंय. की मिस मगरेंकडं वेगळी रीत असते?"

हसू थांबलं. सुकेशनीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. उत्तर तयार होतं, जिभेपर्यंत आलं होतं. ते दिलं तर भांडण रस्त्याचं राहणार नाही, रामचं राहणार नाही, हे तिला दिसत होतं. तिने टेबलाची कड धरली.

"आमच्याकडे विधवेच्या हातचं घेतात," ती म्हणाली. "माझा मुद्दा रस्त्याचा आहे. सर अजून त्यावर एक शब्दही बोललेले नाहीत."

मॅडमनी बानाबाईला पुढे बोलावलं. ती पिंजऱ्याशेजारी येऊन उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी धरून.

"हा अंगठा तुमचा?"

"व्हय."

"यात काय लिहिलंय माहीत आहे?"

बानाबाईने मागे पाहिलं. मुंजाबाने घसा खाकरला.

"इकडं बघा, बाई. मागे नाही. वस्तू यांनी मागितल्या का?"

पंख्याखाली कागद फडफडत होते. शिपायाने त्यावर हात ठेवला.

"नाय मागितल्या," बानाबाई म्हणाली. "म्याच दिल्या. तेरा साल झाले माझ्या हातची कोनी घेत नाय. ह्यांनी घेतली."

"आणि यांनी तडजोडीवर सही करावी, असं तुमचं म्हणणं आहे?"

"व्हय. करा म्हनावं सही." तिचा आवाज फुटला. "म्या कुठं नाय म्हनतेय? सांगा की ह्यास्नी, करा म्हनावं!"

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मग आदेश वाचला. तडजोड आज नोंदवली जाणार नाही. पालनकर्ता बदलण्याच्या अर्जावर मगरे यांनी म्हणणं द्यावं. सुनावणी सोळा तारखेला, तोवर नेमणूक कायम. शनिवारच्या प्रकरणांतून हा दावा वगळावा. हे शेवटचं वाक्य त्यांनी सुकेशनीकडे न बघता वाचलं.

खाली आल्यावर आप्पासाहेबांचं टेबल आवरलेलं दिसलं. तिची पुस्तकं खुर्चीवर रचून ठेवली होती आणि खुर्ची टेबलापासून दूर, रस्त्यात सरकवली होती. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी तिला पाहिलं आणि ते एकदम कामाला लागले. तिने पुस्तकं एका पिशवीत भरली. पिशवीचा बंद बोटांत रुतत होता.

गेटजवळ मुंजाबा मोटरसायकल चालू करून बसला होता. राम मागे बसला.

"तू ऱ्हा हितंच," मुंजाबा बानाबाईला म्हणाला. "ज्यांनी तुझं घेतलं त्यांच्याकडं जा. कुलूप बदलतो म्या आज."

"राम," बानाबाई म्हणाली. "अरं राम."

रामने मान खाली घातली. गाडी निघाली तेव्हाही त्याने ती वर केली नाही.

सुकेशनी तिच्याजवळ गेली. "माझ्या घरी चला आज. उद्या सकाळी घरासाठी अर्ज टाकू. मी टाकते."

"तुमच्या घरी कशापायी?" बानाबाईने तिच्याकडे पाहिलं. "सकाळपत्तर मला माझं घर होतं की."

"बानाबाई—"

"सरका तुमी. लई झालं तुमचं."

ती गेटमधून बाहेर पडली आणि बसस्टँडच्या दिशेने चालू लागली. सुकेशनी मागोमाग गेली. बानाबाईने दोनदा वळून हाताने परत जा म्हणून खूण केली. तिसऱ्यांदा ती वळली नाही.

बानाबाई सध्या देवगाव रंगारीला भावाकडे आहे, एवढं कळलं आहे. वस्तीवरच्या घराला नवं कुलूप आहे. घरासाठीचा अर्ज सुकेशनीने तयार केला आहे. त्यावर बानाबाईचा अंगठा अजून मिळालेला नाही. तडजोडीचा मसुदा फाइलमध्ये आहे तसाच आहे, आणि सोळा तारखेनंतर रामतर्फे कोण उभं राहणार, ते कोर्टाने अजून ठरवलेलं नाही.