चालत आलेलं पाणी

"आजोबा, इट्स लीकिंग अगेन!"

दुधाची धुतलेली खोकी उभी चिरून स्पृहाने बॅकयार्डमध्ये त्यांचा कालवा केला होता. रोमन लोकांचा अ‍ॅक्विडक्ट. सोमवारी शाळेत न्यायचा. विटांवर विटा रचून तिने एक टोक भलतंच उंच केलेलं. जगमधून ओतलेलं पाणी सुसाट आलं आणि सांध्यातून गवतात गेलं.

व्हीलचेअरमधून मैथिलीच्या बाबांनी बोट खाली केलं. "उतार... कमी कर. पाण्याला पळू द्यायचं नाही. चालत येऊ दे."

स्ट्रोकनंतर त्यांचं बोलणं फक्त या दोघींना कळायचं, नातीला आणि लेकीला, मैथिलीला. जालन्याच्या शाळेत हाच धडा ते रंगवून शिकवायचे. डोंगरातलं पाणी कमानींवरून, पंपाशिवाय, थेट शहरातल्या हौदांत. वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "सर, त्यांना रोज पाणी? मग आपल्याला आठ दिवसांनी का?" वर्ग हसायचा, बाबाही हसायचे.

इथे परदेशात, लेकीकडे क्वेकर्स हिलला, नळ कधीही सोडा. पण गिळताना साधं पाणी बाबांच्या फुप्फुसात उतरायचं. एक न्यूमोनिया होऊन गेला होता. पुन्हा झाला तर निभावणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. म्हणून पावडर घालून घट्ट केलेलं पाणीच द्यायचं.

मैथिलीने तोच ग्लास पुढे केला.

"खळ आहे ही," बाबा म्हणाले. "पतंग चिकटव."

स्पृहाने दोन विटा काढल्या. पाणी आता संथ आलं आणि न सांडता शेवटच्या स्टीलच्या वाटीत उतरलं. ती वाटी घेऊन धावली. "फर्स्ट ड्रिंक इज फॉर यू, आजोबा!"

"स्पृहा, नो. ठेव ते."

बाबांनी लेकीकडे पाहिलं. "शेवटी... चमचाभर घालशीलच ना तोंडात? तेव्हा चव नाही कळणार गं."

मैथिली उठली. आत जाऊन चमचा घेऊन आली. बाबांची हनुवटी छातीकडे टेकवली, वाटीतल्या पाण्याने भरलेला चमचा ओठांना लावला आणि जरासाच कलता केला.

बाबांनी डोळे मिटले. पाणी तोंडात कितीतरी वेळ धरून ठेवलं. मग गळा हलला आणि खोकला सुरू झाला. थांबेचना. मैथिली त्यांची पाठ चोळत राहिली. स्पृहा रडायला लागली, "मम, मेक इट स्टॉप!"

खोकला हळूहळू ओसरला. बाबांनी बाहीने तोंड पुसलं. मग मैथिलीचा चमचा धरलेला हात त्यांनी आपल्या चांगल्या हाताने धरला आणि वाटीकडे वळवला.