लांब गेलेल्यांचा वाटा

खाचरवाडीत उघाडीची मासळी वाटायची एक रीत होती. भरतीचं पाणी आत शिरू नये आणि पावसाचं बाहेर जावं म्हणून खाडीच्या बांधात लाकडी दरवाजा बसवलेला असतो, तीच उघाडी. तिच्या तोंडाशी जाळं लावलं की ओहोटीबरोबर कोलंबी, निवटी, बोईट असं काहीबाही अडकायचं. मग बांधावरच ढीग लागायचे, चुलीमागे एक, आणि पहिला ढीग लांब गेलेल्यांचा. माणूस कतारला असो की जवळच्याच वरसेला, त्याचा वाटा आधी निघायचा. फरझानाचा लेक आमीर कतारला होता; लग्नानंतर त्याची चूल वेगळी झाली होती, म्हणून त्याचा वाटाही वेगळा. फरझाना लेकाच्या वाट्याची कोलंबी सोलून सुकवायची आणि कुणी दोहाला निघालं की त्याच्या बॅगेत सोडे कोंबायची.

पुढे उघाडीच्या फळ्या कुजल्या. उधाणाचं पाणी आधी भातात शिरलं, मग विहिरीत, मग पुनव-अमावास्येला घरात यायला लागलं. पहिल्यांदा फरझाना रडली होती. नंतर चिडायची. आता पाणी ओसरलं की फडकं घ्यायची, भिंतीवरची मिठाची रेघ पुसायची आणि चहा ठेवायची.

त्या वर्षी सरकारच्या विकास आराखड्यासाठी तालुक्याहून प्रतिक्षा नावाची मुलगी आली. कासू स्टेशनवर उतरून चालतच. तिच्या पिशवीत पेणच्या गणपती कारखान्यातून मागून आणलेल्या उरल्यासुरल्या रंगांच्या पुड्या होत्या. शाळेच्या अंगणात तिनं त्या सोडल्या.

"काय गो, शाळेत गणपती रंगवतेस का?" काळुरामनं विचारलं. तो फरझानाचा शेजारी. उभं आयुष्य मिठागरात गेलं होतं.

"नाही काका, गाव रंगवायचाय. तुम्हीच सगळ्यांनी. मी नुसती बघणार."

"बरं हाय. बघायचा पगार तुला, काम आमचं."

प्रतिक्षा हसली. बायका पुढे झाल्या. अंगणातच निळ्या रंगाची खाडी झाली, गेरूचा बांध झाला, पिवळी घरं झाली. कुलूप लागलेली घरंही सगळ्यांनी आठवणीनं पिवळ्यानंच भरली. मग प्रतिक्षानं तीन चित्रं मांडली: उघाडी, रस्ता, समाजमंदिर. यातलं एकच काम यंदाच्या आराखड्यात जाणार होतं.

"ज्या घरात चूल पेटते, त्या घराचा एक चिंचोका," ती म्हणाली. "जे हवं त्या चित्रावर ठेवायचा."

"आणि बाहेर गेलेत त्यांचा?" फरझानानं विचारलं.

"त्या घरांत कुणी राहत नाही ना, मावशी."

"राहत नाय म्हणून वाटा बुडतो? मासळीत नाय बुडत."

"बरोबर हाय तिचं," काळुराम म्हणाला. "आमच्यात पहिला ढीग त्यांचाच."

प्रतिक्षानं चिंचोक्यांची पिशवी पुढे केली. "सगळ्यांचा सहभाग हवा, असं मलाही शिकवलंय. लावा फोन."

फरझानाच्या मनात शंका नव्हती. ही सगळी पोरं याच बांधावर वाढली होती. उघाडीवाचून काय मागतील?

पहिला फोन काळुरामच्या निलेशला लागला. तो वरसेला राहायचा, नुकताच शिफ्टवरून आलेला. काळुरामनं फोनचा आवाज मोठा केला.

"रस्ता, बाबा. गणपतीला येतो तर बाईक चिखलात रुतते."

"तुझी बाईक रुतते, नि बापाचं घर बुडतं त्याचं काय रे?" बायकांतली धोंडुबाई मागून ओरडली.

"मावशे, रस्ता असला तर तुम्हाला तिथून काढायला तरी बरं पडेल!"

अंगणात हशा पिकला. काळुरामही हसला आणि त्यानं निलेशचा चिंचोका रस्त्यावर ठेवला. मग एकामागून एक फोन लागत गेले.

आमीर व्हिडिओवर आला. मागे कुठल्यातरी गोदामाचा पत्रा दिसत होता.

"अम्मी, रस्ताच. रस्ता झाला की मी तिथं घर बांधतो. स्लॅबचं."

"घरात पाणी येतं, बेटा."

"म्हणून तर उंच बांधू. पण रेती-सिमेंटची गाडी यायला रस्ता नको?"

बोलणं चुकीचं नव्हतं. कुणाचंच चुकीचं नव्हतं. फोन बंद झाला. फरझानाच्या मुठीत दोन चिंचोके होते, एक तिचा, एक त्याचा. आमीरचा उघाडीवर ठेवला असता तर कुणी हटकलं नसतं. पण दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नसतो. तिनं आमीरचा रस्त्यावर ठेवला, आपला उघाडीवर. रस्त्याचा ढीग मोठा आहे हे मोजायच्या आधीच दिसत होतं. तिला काही वाटलं नाही. हाताला लागलेला निळा रंग तिनं पदराला पुसला.

"उघाडी दुसऱ्या नंबरवर आहे, मावशी," प्रतिक्षा हळू म्हणाली. "पुढच्या वर्षी नक्की मांडू."

"उधाणाला तसं सांगून ठेवतो," काळुराम म्हणाला.

रस्ता झाला. चांगला झाला. त्यात कुणी पैसे खाल्ले असंही कुणी म्हणालं नाही. श्रावणातल्या उधाणात उघाडी चौकटीसकट गेली आणि तिच्याबरोबर दोन्हीकडचा बांधही. दिवाळीच्या सुमारास आमीर सुट्टीवर आला. त्याची गाडी काँक्रीटवरून थेट दारात लागली. घर बांधायचं नाव त्यानं काढलं नाही. फरझानाची ट्रंक त्यानं डिकीत ठेवली आणि तिला वरसेला नेलं. तिथं त्याची बायको हफ्सा मुलांच्या शाळेसाठी भाड्यानं राहत होती.

तिसऱ्या मजल्यावरची जागा. नळाला गोडं पाणी. पुनवेच्या रात्री उठून फरझाना अजूनही फरशीवर हात फिरवायची. फरशी कोरडी असायची.

एका सकाळी काळुरामचा फोन आला. मागे बायकांचा गलका होता.

"फरझाना, ती पोरगी आलीय परत. गाव काढलाय. तुझा चिंचोका कशावर ठेवू?"

"उघाडीवर."

"उघाडी नाय गो आता. साहेब बघून गेले. बांधच नाय तर दार कशाला बसवायचं, म्हणाले. आता चित्रं दोनच, रस्त्यावरचे दिवे, नायतर समाजमंदिर."

फरझाना खिडकीतून खाली बघत राहिली. आमीर परत गेल्यापासून उभी असलेली त्याची गाडी धुळीनं पांढरी झाली होती.

"मग माझा ठेवूच नका, काळूदादा."

"असं कसं? लांब गेलेल्यांचा वाटा बुडत नाय. तूच बोललेलीस ना?"

फरझानानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग काळुरामचा फोन तोंडापासून लांब गेला असावा, कारण त्याचा आवाज बारीक ऐकू आला.

"फरझानाचा दिव्यांवर घ्या गो. घर तिचं पिवळंच ठेवा."