पान एक्केचाळीस

दाजींच्या पुस्तकातलं पाचवं प्रकरण मी लिहिलंय. पेशी आपल्या डीएनएची नक्कल कशी करते, ते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कॉलेजातले विभागप्रमुख. मी त्यांच्याच प्रयोगशाळेत काचनळ्या धुणारी सहायक. "तुझ्या टिपणांवर नजर टाकतो," म्हणून वही घेऊन गेले. पुस्तक आलं तेव्हा माझं नाव आभारातसुद्धा नव्हतं. मी तक्रार केली, तर चोराच्या उलट्या बोंबा. चौकशी माझीच लागली.

त्या प्रकरणात सगळं नीट होतं. हेलिकेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, पीळ सोडवतं, पॉलिमरेज जुन्या धाग्यासमोर नवा धागा जुळवत जातं, लायगेज तुकडे सांधतं. एवढं करूनही चूक राहिली, तर दुरुस्तीवाली विकरं येतात. पण मूळ धागा कुठला आणि नक्कल कुठली, हे त्यांना कळावं कसं? काही जिवाणूंमध्ये जुन्या धाग्यावर रासायनिक खुणा असतात, नव्यावर अजून पडलेल्या नसतात. मग बिनखुणेचा कापायचा. मी मात्र तापानं फणफणत असताना नेमकं उलटं लिहिलं: खुणेचा कापतात. ताई तेव्हा माझ्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसली होती.

ती चूक जशीच्या तशी छापून आली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

समितीपुढे मी म्हणाले, "पान एक्केचाळीसवर एक चूक आहे. कोणती, ते लेखकांनीच सांगावं."

"माझ्या पुस्तकात चूक नाही," दाजी म्हणाले.

प्राचार्यांचा विषय इतिहास. ते म्हणाले, "आणि असलीच, तर तुम्ही चुकीसकट उतरवलंत एवढंच ठरतं, बाई."

समितीनं ताईलाही बोलावून विचारलं, ही वही कधीची? ती टेबलाकडे बघत म्हणाली, "मला नाही आठवत."

दाजींकडे पद, छापील नाव, कॉलेजचा शिक्का. माझी वही बिनतारखेची. नोकरी गेली. दाजींपेक्षा ताईचा राग जास्त आला, अजून येतो.

दोन वर्षांनी भाची तेच पुस्तक घेऊन आली. "मावशी, परवा पेपर आहे. आणि दुसरी आवृत्ती निघतेय, तर बाबांनी विचारलंय, पान एक्केचाळीसवर नेमकं काय चुकलंय?"

सांगू नये असं वाटलं. प्रकरण माझं आहे याचा तेवढाच पुरावा उरला होता. दुरुस्ती झाली की तोही गेला. पण पेपर पोरीचा होता. तिनं माझं काय घोडं मारलं होतं? मी ओळ दाखवली. तिनं ती पेन्सिलीनं खोडली आणि वर बरोबर लिहिलं.

"म्हणजे बाबा म्हणाले ते खरं."

"काय म्हणाले?"

"चूक असेल तर मावशीच्या वहीतूनच आली असणार."

मी पुस्तक मिटलं. "आईसमोर म्हणाले?"

"हो."

"मग आई काय म्हणाली?"

"काही नाही. भांडी आवरत होती."