आधीच घेतली आहे

नर्सबाईंनी सकाळी दहालाच वर्कशॉपच्या जेवणाच्या खोलीतलं टेबल पुसून त्यावर न्यूमोनियाच्या लशीच्या दुसऱ्या डोसचा थंड डबा मांडला होता. अकरा वाजले, तरी एकही वेल्डर तिकडे फिरकला नाही.

"मी बघते," वस्तादांची मुलगी म्हणाली. ती तिथेच ऑफिसात हजेरी आणि कागदपत्रं सांभाळायची. बत्तीस वर्षं तिथे वेल्डिंग केलेले तिचे वडील जाऊन दोन महिने झाले होते. कामगार त्यांना वस्ताद म्हणत.

शेडमध्ये तिला बघून वेल्डर लंबूने तोंडावरची काच वर केली.

"चल की रे. बाई ताटकळल्यात."

"ताई, राग मानू नका," लंबू म्हणाला, "पण वस्तादांनी ती सुई घेतली होती ना? वर्षसुद्धा झालं नाही आणि न्यूमोनियानेच गेले. मग आम्ही कशाला फुकट दंड सुजवून घ्यायचा?"

"वस्तादांची ही गत, तिथे आपली काय कथा!" टाकीच्या पोटातून कुणीतरी ओरडलं.

ती परत आली आणि तिने नर्सबाईंना त्यांचं म्हणणं तेवढं सांगितलं.

"लस घेऊनही होतो कधीकधी," नर्सबाई म्हणाल्या. "पूर्ण हमी कुठलीच लस देत नाही. पण ही माणसं रोज धातूचा धूर ओढतात. अशा छातीत हा जंतू लवकर पाय रोवतो. म्हणून तर यांनी घ्यायलाच हवी." मग तिच्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडून जे व्हायला हवं होतं ते झालं होतं."

त्या हाताखाली तिला क्षणभर हलकं वाटलं. आणि तसं वाटलं याचीच तिला शिसारी आली.

मागच्या वर्षी पहिल्या डोसच्या यादीत वडिलांच्या नावासमोर तिने वळणदार अक्षरात लिहिलं होतं : आधीच घेतली आहे, बाहेर. तारीखसुद्धा टाकली होती, मनाची.

आदल्या संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत होते. "तेवढं लिहून टाक ना."

"बाबा, लहान मुलासारखं काय करता?"

"मला सुई बघूनच घेरी येते. त्या पोरांसमोर आडवा झालो तर उद्यापासून माझं कोण ऐकणार?"

साठ फुटांवर दोरीला लटकून ठिणग्या अंगावर झेलणारा माणूस! तिला हसू आलं होतं. खरं सांगायचं तर, त्यांचं एवढं गुपित फक्त आपल्यालाच माहीत आहे याचा तिला थोडा तोराही वाटला होता. एखाद्या रविवारी गुपचूप दवाखान्यात नेऊन लस द्यायची, असं तिने ठरवलं होतं. रविवार येत गेले. कधी ते झोपलेले असत, कधी तिच्या हातातलं पुस्तक संपायला आलेलं असे. मग एका मंगळवारी त्यांना ताप भरला आणि शुक्रवारी ते गेले. "न्यूमोनियाची लस घेतली होती का?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा पलंगापाशी वर्कशॉपची माणसं उभी होती. ती म्हणाली होती, "माहीत नाही."

साडेअकराला चहासाठी सगळे खोलीत आले आणि नर्सबाईंचं टेबल टाळून भिंतीच्या कडेने उभे राहिले. ती उठली.

"वस्तादांनी लस घेतली नव्हती."

"म्हणजे?" लंबू म्हणाला. "यादीत तर होतं."

"ते मी लिहिलं. खोटं."

"का?"

कागदांची अदलाबदल झाली, दुसऱ्याच्या ओळीत चुकून लिहिलं गेलं. सांगण्याजोगं तिच्यापाशी पुष्कळ होतं. त्यात बाबांची अब्रूही राहिली असती. पण त्यांच्या नावावर दुसरं खोटं तिच्या तोंडून निघेना.

"त्यांना सुईची भीती वाटायची," ती म्हणाली, आणि भर खोलीत त्यांच्या अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं तिला झालं.

"हात्तिच्या!" वडिलांच्या बरोबरीचे काका चहा फुंकत म्हणाले. "ते कुणाला ठाऊक नाही? पत्र्याने हात कापला तेव्हा धनुर्वाताच्या इंजेक्शनला चौघांनी धरला होता त्याला. मी पायांवर बसलो होतो. डॉक्टरीणबाईंना वाटलं, खूनच चाललाय."

कुणीतरी फिसकन हसलं.

"गेल्या वर्षीही धरला असता," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तू नुसती हाक मारायचीस, पोरी."

तिने मान खाली घातली. घेतली असती तर ते वाचलेच असते, असं नर्सबाईही म्हणाल्या नसत्या. पण या आधाराला आता काही अर्थ नव्हता.

काकांनी कप ठेवला आणि खुर्चीत बसून बाही वर केली. त्यांच्या मागे एकेक जण उभा राहिला. नर्सबाईंनी यादी तिच्यापुढे सरकवली. कुणाच्या तोंडाकडे बघायचा तिला धीर होईना. ठिणग्यांच्या डागांवरून हात ओळखून ती नावांपुढे खुणा करत गेली.

लंबू मात्र चहा अर्धा टाकून निघून गेला होता. त्याचा राग रास्त होता. तिच्या खोट्यावर विसंबून तो स्वतः तर मागे राहिलाच होता, आणि सकाळपासून त्याने इतरांनाही मागे ठेवलं होतं.

शेवटचा माणूस दंड चोळत उठला, तेव्हा तिने पेन ठेवलं आणि शेडच्या दारात जाऊन लंबूला हाक मारली. ग्राइंडरच्या आवाजात ती त्याला ऐकू गेली नाही, की त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते तिला कळलं नाही. ती आत गेली, त्याच्या समोर उभी राहिली आणि तो मशीन बंद करेपर्यंत तशीच थांबली.