हरणाला कुंकू

माझ्या नवऱ्याने आयुष्यात झुरळसुद्धा मारलेलं नाही. झुरळ दिसलं की श्रीनिवास मला हाक मारतो. असा हा माणूस गेल्या वर्षी शिकारीची रायफल घेऊन घरी आला, तीही साधी नाही. बंदुका बनवणाऱ्या एका कंपनीला दीडशे वर्षं झाली म्हणून तिने मोजक्याच काढलेल्या खास रायफलींपैकी एक. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, बाजूच्या पोलादावर सोन्यात कोरलेलं हरीण, ठेवायला मखमली पेटी. तेवढ्या पैशांत लंडनच्या हॅरोमधल्या आमच्या घराचं अख्खं किचन नवं झालं असतं. बरं, ती उडवायचीही नाही. उडवली की 'मिंट कंडिशन' गेली, म्हणजे कोरेपणा गेला.

"मग करायचं काय तिचं?" मी विचारलं.

"बघायचं," तो म्हणाला.

बघायलाही कोणी येईना, हेच खरं दुखणं. वॉटफर्डजवळ त्याचा रायफल क्लब आहे, तिथे एकाहून एक संग्राहक. एकाने फोटो बघून सांगितलं, हे हरीण नाही, बकरी आहे. क्लबचा प्रेसिडेंट हॉवर्ड म्हणाला, या किमतीत हरणाने स्वतः चालत घरी यायला हवं. सगळ्यात जहाल गर्शोन. तो आपला बेने इस्राएली, म्हणजे कोकणातला ज्यू; मराठी त्याला आजीकडून मिळालेली. "श्रीनिवास, किती महाग रे! तुला बनवलं," असं त्याने सगळ्यांदेखत सुनावलं. श्रीनिवास तिथे हसला आणि घरी येऊन जेवला नाही. कोणीतरी एकदा 'लव्हली' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला. माझा नवरा येडा आहे हे मी म्हणायचं, त्यांनी नाही.

शेवटी त्याने हॉवर्ड आणि गर्शोनला रविवारी चहाला बोलावलं. आदल्या दिवशी नेमकी खंडेनवमी. आमच्याकडे तेव्हा ड्रिल, मिक्सर, लॅपटॉप, झाडून सगळ्यांना हळदकुंकू लागतं. घरात खरंखुरं शस्त्र असताना मिक्सरला पुजायचं म्हणजे अतिच झालं. पण इथल्या कायद्याने बंदुकीच्या कपाटाची किल्ली बायकोच्याही हाती लागू द्यायची नसते, त्यामुळे रायफल त्यानेच काढली आणि पाटावर मांडली.

"सुचेता, फुलं लांबूनच वाहा," असं बजावून तो निरांजन लावायला वळला.

माझं बोट कधी पुढे गेलं ते मलाच कळलं नाही. दस्त्याला हळद लागली आणि हरणाच्या कपाळाला कुंकू. समोर कपाळ दिसलं की बोट थांबत नाही, त्याला मी काय करणार?

ओलं कुंकू कोरलेल्या रेघांत जाऊन बसलं, हळद लाकडात मुरली. श्रीनिवास कानकाड्या घेऊन संध्याकाळभर पुसत होता. ओरडला असता तर मीही ओरडले असते, पण तो एकेक कानकाडी संपवत गेला आणि मला रडू यायला लागलं.

रविवारी दोघे पांढरे हातमोजे घेऊनच आले. पेटी उघडली. हॉवर्डने चष्मा पुसला.

"इज दॅट ब्लड?"

"पूजा केली. आम्ही शस्त्रांची करतो," श्रीनिवास इंग्रजीत म्हणाला. "मीच लावलं ते."

खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. मला तो त्या क्षणी इतका आवडला, की मी चहात दोनदा साखर घातली.

"मिंट गेलं, वहिनी," गर्शोन हळहळला.

"गेलं ना? मग उडवा आता," मी चिडून म्हणाले.

तिघे एकमेकांकडे बघायला लागले. शाळेला अचानक सुट्टी मिळावी तसे चेहरे. चहा तसाच राहिला आणि आम्ही सगळे गर्शोनच्या गाडीतून क्लबवर पोचलो.

पहिला बार श्रीनिवासचा. निशाणा राहिला बाजूला, मागच्या बांधाची माती उडाली. रायफल खाली ठेवून तो असा हसत सुटला, की त्याला उचकी लागली. मग हॉवर्डने एक बार काढला आणि दस्त्यावरून हात फिरवत राहिला.

"ओह, दॅट्स लव्हली."

श्रीनिवासच्या कानांवर आवाज अडवणारे मफ, त्याला ऐकूच गेलं नाही. मी ते खस्सकन ओढून काढले आणि हॉवर्डला परत म्हणायला लावलं. तो बिचारा परत म्हणाला. श्रीनिवासने मला सगळ्यांसमोर मिठी मारली, लग्नानंतर पहिल्यांदाच.

गर्शोन मात्र पुढे होईना.

"घे ना रे," श्रीनिवास म्हणाला.

"माझ्याकडे आहे."

"काय आहे?"

"हीच. तुझ्याआधी घेतली. पेटीची टेपसुद्धा काढलेली नाही अजून."

"अरे, मग वर्षभर सगळ्यांसमोर माझी..."

"महाग म्हणालो," गर्शोन बुटांकडे बघत म्हणाला. "वाईट आहे असं कधी म्हणालो?"